नवीन डिझाइनचा फुल-साइझ पिकअप घ्यायचाय? आरामाची आणि कामाची परीक्षा कशी घ्यायची

अमेरिकेत फुल-साइझ पिकअपचं, म्हणजे मागे उघडी मालाची जागा असलेल्या मोठ्या ट्रकचं, नवीन मॉडेल आलं की पहिले दोन महिने सगळीकडे तेच ते, स्क्रीन केवढी मोठी, ग्रिल कसं दिसतं, हॉर्सपॉवर किती वाढली. ट्रक तीन वर्षं वापरल्यावर यातलं काही मनात राहत नाही. राहतं काय, तर मागच्या सीटवर मुलं चार तास धड बसली का, रिकामा ट्रक हायवेवर नेला तर पोटातलं पाणी हलतं का, आणि घरातली सगळी माणसं, सामान आणि मागे ट्रेलर असं एकदम घेऊन निघालो तर ट्रक ते खरंच झेपवतो का.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना सोपं जाईल. आराम आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, दोन्हीचा हिशोब एकाच खात्यात होतो. पॅनोरामिक छत, मसाज सीट, आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या, २२ इंची चाकं, या प्रत्येकाचं वजन असतं आणि ते तुम्ही ट्रकमध्ये टाकू शकाल त्या वजनातून वजा होतं. जितका ट्रिम, म्हणजे त्याच मॉडेलचा प्रकार, महाग तितका तो बऱ्याचदा कमी उचलतो. हे लोकांना खरं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

मागचा ट्रक घेताना मी एवढंच विचारलं होतं की ७,००० पौंडाचा ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) ओढेल ना, सेल्समन म्हणाला आरामात ओढेल, ब्रोशरवर ११,००० च्या वरचा आकडा होता, मी सही केली. पहिल्याच लांबच्या ट्रिपला ट्रक खालून जरा जास्तच बसलेला वाटला म्हणून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेला, तर मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, लिमिटपेक्षा जास्त वजन. ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी केली, अर्धं सामान भावाच्या गाडीत टाकलं आणि तसेच पुढे गेलो. ती ट्रिप पार पडली पण नंतर तो ट्रेलर विकावा लागला. म्हणून यावेळी ट्रक बघताना मी एक क्रम ठरवून घेतला, तोच इथे लिहितोय. तुम्हाला लागेल फक्त एक मोजपट्टी, फोन, घरातली सगळी माणसं आणि दोन शनिवार.

पायरी १: शोरूमला जायच्या आधी, घरी बसून

मागच्या १२ महिन्यांत तुम्ही गाडीने काय काय केलं ते लिहून काढा. पुढे काय करायचंय ते नको, झालंय तेच. किती दिवस एकट्याने ऑफिसला गेलात, किती वेळा चौघं-पाचजण बसलात, लाकूड किंवा माती किती वेळा आणली, ट्रेलर किती वेळा लावला आणि त्याचं भरलेलं वजन किती होतं. बऱ्याच जणांचं निघतं की ३०० दिवस ट्रक रिकामा चालतो आणि वर्षातून दहा वेळा पूर्ण भरून. हे प्रमाण कळलं की कुठल्या परीक्षेला किती मार्क द्यायचे ते कळतं.

मग गॅरेज मोजा. क्रू कॅब (चार दारं, सीटच्या दोन ओळी) आणि साडेपाच फुटी बेड (मागची मालाची जागा) असलेला फुल-साइझ ट्रक आजकाल २३१ ते २३४ इंच लांब असतो, आणि २० फूट खोल गॅरेज म्हणजे २४० इंच. म्हणजे पुढेमागे मिळून सहा-नऊ इंच उरले, त्यात भिंतीला शेल्फ असेल किंवा मागे हिचचा (ट्रेलर अडकवायच्या जोडाचा) बॉल तसाच ठेवला असेल तर दार बंद होणार नाही. आरसे उघडे धरून रुंदी ९६ इंचांच्या आसपास जाते आणि जुन्या घरांची एका गाडीची दारं ८ फुटांची, म्हणजे बरोब्बर ९६ इंचांची असतात. आरसे मिटले की जाईल, पण रोज दोनदा ते करायची तयारी आहे का? ऑफिसच्या पार्किंग स्ट्रक्चरच्या तोंडाशी उंचीची पाटी असते तीही बघून ठेवा, साडेसहा फूट लिहिलं असेल तर साधा फोर व्हील ड्राइव्ह ट्रकसुद्धा जेमतेम जातो आणि ऑफ-रोड ट्रिम अडकू शकतो.

पायरी २: नवीन म्हणजे नक्की काय नवीन

रिडिझाइन हा शब्द कंपन्या फार सैल वापरतात. खरोखर नवीन पिढी आणि नुसता चेहरा बदललेला ट्रक यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि दोन्हीची तपासणी वेगळी करावी लागते.

उदाहरणं बघा. २०१५ च्या एफ-१५० मध्ये फोर्डने स्टीलची बॉडी काढून अ‍ॅल्युमिनियमची आणली आणि काही मॉडेलचं वजन ७०० पौंडांपर्यंत कमी झालं, हा पायाभूत बदल. टोयोटाच्या २०२२ च्या टुंड्रामध्ये मागच्या लीफ स्प्रिंग गेल्या आणि कॉइल स्प्रिंग आल्या, ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन जाऊन ट्विन-टर्बो व्ही६ आलं, बेड कॉम्पोझिटचा झाला, म्हणजे नावाशिवाय फार थोडं जुनं राहिलं. याउलट शेव्हरोलेचा २०२२ चा सिल्व्हराडो १५००, त्यात वरच्या ट्रिमचं आतलं सगळं पालटलं, १३.४ इंची स्क्रीन आली, पण खालचा सांगाडा आणि बेड २०१९ च्या पिढीचाच. आणि २०२५ चा रॅम १५०० बाहेरून फारसा बदलला नाही पण बॉनेटखालचं हेमी नावाचं व्ही८ गेलं आणि ३ लिटरचं ट्विन-टर्बो सहा सिलिंडरचं इंजिन आलं. त्यावर लोकांनी इतकी ओरड केली की २०२६ ला हेमी परत आणावं लागलं.

म्हणून सहा गोष्टींसमोर नवीन की जुनं ते लिहा: सांगाडा, सस्पेन्शन, इंजिन, गिअरबॉक्स, बेड, आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स. जे नवीन आहे त्याची परीक्षा जास्त कडक घ्यायची. जे जुनं आहे त्याच्या तक्रारी एव्हाना लोकांना माहिती झालेल्या असतात, त्या आधीच वाचून जायच्या.

पायरी ३: ड्रायव्हरचं दार उघडा आणि स्टिकर वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि यासाठी गाडी चालू करायचीही गरज नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायर आणि वजनाची माहिती देणारं स्टिकर असतं, ते लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. त्यावर एक वाक्य असतं की माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. हा आकडा त्या एका ट्रकचा असतो, त्यात त्या ट्रकला फॅक्टरीत लावलेल्या सगळ्या ऑप्शनचं वजन धरलेलं असतं. ब्रोशरवरचा पेलोड, म्हणजे ट्रकवर टाकता येणारं वजन, हा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या किंवा खास पॅकेजवाल्या ट्रकचा असतो, तुमच्या समोरच्या ट्रकचा नाही.

फरक किती पडतो? २०२२ च्या टुंड्राचा जाहीर केलेला जास्तीत जास्त पेलोड १,९४० पौंड होता, पण या वर्गातल्या कुठल्याही कंपनीचा सगळी हौस केलेला वरचा ट्रिम उघडून बघा, १,३०० ते १,६०० च्या मध्ये कुठेतरी आकडा सापडेल. एकाच डीलरच्या आवारात, एकाच रंगाच्या, एकमेकांशेजारी उभ्या असलेल्या दोन ट्रकमध्ये ४०० पौंडांचा फरक मी स्वतः बघितलाय. दहा ट्रकची दारं उघडा आणि दहा स्टिकरचे फोटो काढा, सेल्समनला वेळ लागला तरी चालेल.

आता हिशोब. समजा स्टिकरवर १,४८० लिहिलंय. घरातली चौघं मिळून ५२० पौंड. कूलर, बॅगा, सायकली मिळून २२०. नंतर बसवलेलं बेडचं कव्हर ७०. ट्रेलरसाठी वजन विभागणारा हिच ९०. झाले ९००. उरले ५८०. ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रकवर येतो, त्याला टंग वेट म्हणतात आणि तो पेलोडमध्येच मोजायचा असतो. १३ टक्के धरले तर ५८० पौंडांत बसणारा ट्रेलर निघतो साधारण ४,४६० पौंडांचा, आणि तोही सामान भरून! ब्रोशर म्हणतंय ११,०००, तुमच्या घराचं गणित म्हणतंय साडेचार हजार, आणि ट्रक तोच आहे. इंजिन ओढू शकतं यात खोटं काही नाही, पण मागचा एक्सल, स्प्रिंग आणि टायर यांच्यावर किती वजन ठेवायचं याला मर्यादा आहे आणि फॅमिली घेऊन फिरणारा माणूस आधी तिथेच अडकतो.

बाजूला दुसरं स्टिकर असतं त्यावर ट्रकचं भरलेलं एकूण कमाल वजन आणि पुढच्या-मागच्या एक्सलच्या कमाल वजनाचे आकडे असतात, त्याचाही फोटो घ्या. वजनकाट्यावर जाल तेव्हा तेच लागतील.

माती-खडी आणणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. एक क्युबिक यार्ड म्हणजे २७ क्युबिक फूट, आणि साडेपाच फुटी बेडमध्ये ५० च्या वर क्युबिक फूट मावतं, म्हणजे डोळ्यांना दिसतं की दोन यार्ड जातील. एका यार्ड खडीचं वजन २,५०० पौंडांच्या वर जातं. म्हणजे अर्धा यार्ड टाकला की तुमचं बहुतेक सगळं पेलोड संपलं, बेड अजून पाऊण रिकामा दिसत असताना. झाडांभोवती टाकायचा मल्च हलका असतो, तो पूर्ण यार्ड सहज येतो, फक्त पावसात भिजलेला नसावा.

पायरी ४: बसून बघणं, आणि घाई न करता

शोरूममध्ये पाच मिनिटं बसून सीट कळत नाही, मऊ सीट पाच मिनिटांत नेहमीच छान वाटते. पाऊण तास बसा. फोनवर काहीतरी ऐका, पण उठू नका. पाऊण तासाने मांडीखाली कुठे दाब येतो, कमरेचा आधार नेमक्या जागी येतो का, गुडघा सेंटर कन्सोलला टेकतो का, डोकं मागे टेकवलं तर हेडरेस्ट मान पुढे ढकलतो का, हे कळायला लागतं. स्टिअरिंग वरखाली आणि पुढेमागे दोन्ही होतं का ते बघा, खालच्या ट्रिममध्ये कधीकधी पुढेमागे होत नाही आणि उंची कमी असणाऱ्याला तेच सगळ्यात नडतं.

चढउतार हा आरामाचा असा भाग आहे की तरुण माणूस तो तपासतच नाही. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत मोजपट्टी लावा, पायरी असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही ट्रकला. आई इकडे सहा महिने राहायला आली की तिला साडी नेसून मागच्या सीटवर चढायचं असतं, त्यामुळे मी मागच्या दारालाही हातात धरायला दांडा आहे का ते आधी बघतो, काही ट्रिममध्ये तो फक्त पुढे असतो. एअर सस्पेन्शनचा ट्रक उतरायच्या वेळी खाली बसतो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याचा खरंच फरक पडतो, पण त्याचे पैसे लागतात आणि वॉरंटी संपल्यावर दुरुस्ती महाग पडते, हेही तिथेच लिहून ठेवा.

मागची सीट. या वर्गातल्या क्रू कॅबमध्ये मागे पायांना ४१ ते ४५ इंच जागा मिळते, म्हणजे लांबीची तक्रार कोणाचीच नसते. तक्रार असते ती पाठीच्या कलाची. सीटच्या मागे लगेच कॅबची भिंत असल्यामुळे बऱ्याच ट्रकमध्ये पाठ फार ताठ राहते. रॅमने २०१९ च्या पिढीत मागची सीट ८ अंश कलणारी दिली ती याचसाठी. मागे स्वतः वीस मिनिटं बसा, नुसतं वाकून बघू नका. मधल्या माणसाच्या पायाखाली फरशी सपाट आहे का, मागे एसीचे झोत आहेत का, खिडकी पूर्ण खाली जाते का, सीट वर उचलल्यावर खालचं कप्प्याचं झाकण एका हाताने उघडतं का.

लहान मुलं असतील तर त्यांची कार सीट सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा. पिकअपमध्ये वरचा पट्टा अडकवायची पद्धत साध्या गाडीपेक्षा वेगळी असते, हेडरेस्टजवळच्या कापडी लूपमधून ओवून शेजारच्या सीटच्या अँकरला न्यावा लागतो, आणि ही गोष्ट मॅन्युअल उघडल्याशिवाय बहुतेकांना जमत नाही. खालच्या अँकरची मर्यादा मूल आणि कार सीट मिळून ६५ पौंडांची असते, त्याच्या वर सीटबेल्टने बसवायची. मागे तोंड करून बसवायची सीट लावल्यावर पुढचा माणूस कितपत मागे सरकू शकतो तेही बघा, एवढ्या मोठ्या ट्रकमध्ये तो प्रश्न येणार नाही असं वाटतं पण उंच ड्रायव्हरला येतो.

बटणं आणि स्क्रीनबद्दल माझा आग्रह सरळ आहे. हिवाळी हातमोजे घालून आवाज, तापमान, काच पुसायचे वायपर आणि ट्रेलर ब्रेक, या चार गोष्टी स्क्रीनकडे न बघता चालवता आल्या पाहिजेत. रिडिझाइनमध्ये सगळ्यात आधी बटणांवर कुऱ्हाड पडते. उभ्या मोठ्या स्क्रीनवर सीट गरम करायला दोन मेनू आत जावं लागत असेल तर ते शोरूममध्ये गंमतशीर वाटतं, बर्फात नाही.

पायरी ५: रिकामा ट्रक वाईट रस्त्यावर न्या

डीलरचा टेस्ट ड्राइव्हचा रस्ता नवाकोरा आणि गुळगुळीत असतो. तुम्ही आधीच तुमचा रस्ता ठरवून जा, त्यात चार प्रकार हवेत: जुना काँक्रीटचा हायवे ज्याच्या सांध्यांवर दर सेकंदाला ठकठक येते, खड्ड्यांची गल्ली, एखादा चढ, आणि जमलं तर कच्चा रस्ता.

पिकअपची मागची स्प्रिंग वजन उचलण्यासाठी कडक केलेली असते, म्हणून रिकामा असताना मागचं टोक उडतं. लीफ स्प्रिंग म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पट्ट्या, दणकट आणि साध्या, पण त्यांच्यात घर्षण असतं आणि छोट्या ठोक्यांना त्या लगेच दबत नाहीत. कॉइल स्प्रिंगमध्ये एक्सल धरून ठेवायचं काम वेगळे दांडे करतात त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येते. रॅमने २००९ ला मागे कॉइल आणल्या तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, पण रिकाम्या ट्रकच्या आरामात तेव्हापासून बाकीच्यांना त्याच्याशी बरोबरी करावी लागली. याचा अर्थ लीफवाला वाईट असा नाही, शॉक अ‍ॅब्झॉर्बर चांगले असतील तर तोही छान चालतो, म्हणून कागदावर वाचून ठरवू नका. काँक्रीटच्या सांध्यांवर ताशी ६५ मैलांनी चालवा आणि मागच्या सीटवर घरातल्या कोणाला तरी बसवा. ठोका एकदा बसून थांबतो की त्यानंतर अंग दोन-तीनदा हलत राहतं? मागे बसलेल्याचं मत जास्त धरा, तिथेच एक्सल जवळ असतो.

चाकांचा आकार इथेच कळतो. २२ इंची रिमवर टायरची भिंत बारीक उरते आणि प्रत्येक खड्डा आत येतो. तोच ट्रक १८ इंचीवर चालवून बघितला तर दुसरा ट्रक वाटतो, आणि टायरही स्वस्त पडतात. मला विचाराल तर आरामासाठी सगळ्यात कमी खर्चात मिळणारा ऑप्शन म्हणजे लहान चाकं.

मग आवाज. रेडिओ बंद, ताशी ४० ते ६० मैलांच्या मध्ये एकसारख्या वेगाने दहा मिनिटं. पेट्रोल वाचवायला काही सिलिंडर बंद करणारी इंजिनं असतात, त्या वेळी बारीक घुमणारा आवाज किंवा सीटमध्ये कंप येतो का ते लक्ष देऊन ऐका. सिग्नलला इंजिन बंद होऊन परत सुरू होताना धक्का बसतो का, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगात गाडी अडखळते का, हे नवीन गिअरबॉक्समध्ये हमखास तपासायचं.

यानंतर एक गोष्ट मागा जी फारसं कोणी मागत नाही: बेडमध्ये ३०० पौंड टाकून परत तोच रस्ता. वाळूच्या ६० पौंडी नळ्या मिळतात, त्या पाच सोबत न्या. काही ट्रक या वजनाने एकदम शांत होतात, काही होत नाहीत. तुमचा ट्रक ३०० दिवस रिकामा चालणार असेल तर आधीचा अनुभव धरा, रोज हत्यारांच्या पेट्या घेऊन फिरणार असाल तर हा.

पायरी ६: बेडमध्ये चढा

खरंच चढा, बंपरवरून आणि टेलगेटवरून (बेडचं मागचं, खाली पडणारं दार) दोन्ही. जनरल मोटर्सच्या ट्रकना बंपरच्या कोपऱ्यात पाय ठेवायला खाच असते, एवढी साधी गोष्ट पण वय वाढलं की तिची किंमत कळते. बाजूच्या भिंतीवरून हात घालून बेडची फरशी गाठता येते का ते बघा, आजकालचे ट्रक इतके उंच झालेत की उंची कमी असलेल्या माणसाला कोपऱ्यातली पिशवी काढायला आत चढावंच लागतं.

मोजपट्टीने दोन चाकांच्या उंचवट्यांमधलं अंतर मोजा, ४८ इंचांच्या वर हवं, म्हणजे ४ बाय ८ चं प्लायवूड सपाट झोपेल. साडेपाच फुटी बेडमध्ये टेलगेट पाडला तरी आठ फुटी शीट थोडी बाहेर राहतेच, तेव्हा महिन्याला शीट आणणारा असाल तर साडेसहा फुटी बेड घ्या आणि गॅरेजचं गणित परत करा.

टेलगेट आता मोठा विषय झालाय. जीएमसीचा २०१९ चा सहा प्रकारे उघडणारा, रॅमचा दोन भागांत दारासारखा उघडणारा, फोर्डने २०२४ ला आणलेला मधे छोटं दार असलेला. तपासताना एकच करा, मागे हिचचा बॉल लावून सगळे प्रकार उघडून बघा, कारण काही उघडतात ते बॉलवर आपटायच्या बेताने. अशा टेलगेटचं स्वतःचं वजनही साध्यापेक्षा जास्त असतं. बांधायच्या कड्या किती आणि खाली आहेत की फक्त वर, रात्री बेडमध्ये दिवा पडतो का, तेवढं बघून पुढे जा.

वीज मात्र खरोखर उपयोगाची गोष्ट आहे. २०२१ च्या एफ-१५० मध्ये फोर्डने बेडमध्येच जनरेटर दिल्यासारखं केलं, २ किलोवॅटपासून हायब्रिडमध्ये ७.२ किलोवॅटपर्यंत. ७.२ वर घरातला फ्रिज, दिवे, फर्नेसचा पंखा असं सगळं वादळात चालू राहू शकतं, २ किलोवॅटवर साइटवरची करवत आणि चार्जर. तुमच्या हत्यारांवरचे वॅट वाचून बेरीज करा, मगच त्या ऑप्शनचे पैसे मोजा.

पायरी ७: ट्रेलर ओढणारे असाल तर

ओढण्याचे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने द्यायची. आता एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेचं जे२८०७ हे मानक आहे, टोयोटाने २०११ च्या टुंड्राला ते आधी लावलं आणि डेट्रॉइटच्या कंपन्या (फोर्ड, जनरल मोटर्स, रॅम) २०१५ च्या आसपास आल्या. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या ११ मैलांच्या वर लांब चढावर, कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून ट्रेलर ओढायचा असतो आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. म्हणजे आकडा प्रामाणिक असतो, पण त्यात ट्रकमध्ये फक्त प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसं धरलेली असतात, तुमचं कुटुंब नाही. म्हणून पायरी ३ चा हिशोबच शेवटचा.

रिअर एक्सलचा रेशो, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरचं प्रमाण, विचारा. रॅममध्ये ३.२१, ३.५५, ३.९२ असे मिळत आलेत, आकडा जितका मोठा तितकं ओढणं सोपं आणि रिकामं असताना पेट्रोल थोडं जास्त. त्याच इंजिनचा ट्रक चुकीच्या रेशोमुळे हजारो पौंड कमी ओढतो आणि हे बाहेरून दिसत नाही. फॅक्टरीतून आलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर, ७ पिनचं कनेक्टर आणि बाहेर ओढता येणारे मोठे आरसे नंतर बसवत बसण्यापेक्षा आधीच घ्या. बऱ्याच स्टेटमध्ये ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, काहींमध्ये मर्यादा त्याहून कमी आहे, तेव्हा आपल्या स्टेटचा नियम बघा. आणि जमत असेल तर स्वतःचा ट्रेलर लावून एक चढ आणि एक उतार करून बघा, उतारावर गिअर स्वतःहून खाली येऊन गाडी धरतो का हे चढण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. उंच ट्रेलर मागे असला की मायलेज जवळजवळ अर्ध्यावर येतं, म्हणून टाकी किती गॅलनची ते विचारा, मोठी टाकी हा लांब प्रवासातला मोठा आराम आहे.

पायरी ८: समोर काय दिसत नाही

ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि घरातल्या कोणाला बंपरच्या समोर उभं करून हळूहळू मागे जायला सांगा. कितव्या पावलाला त्यांची कंबर दिसली ते मोजा. लहान मूल असेल तर त्यालाच उभं करा, अर्थात इंजिन बंद ठेवून, आणि डोकं कधी दिसतं ते बघा. आयआयएचएसने, म्हणजे विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने, २०२३ ला प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचारी मरण्याची शक्यता, ३० इंच किंवा कमी आणि उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली होती. आपण ज्या गल्लीत राहतो तिथे मुलं सायकली चालवतात, मला हा आकडा विसरता येत नाही. समोरचा कॅमेरा ज्या ट्रिममध्ये मिळतो तिथपर्यंत जायला मी पैसे देईन, चामड्याच्या सीटसाठी देणार नाही.

त्याच संस्थेच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२२ च्या शेवटापासून एका चाचणीत मागच्या सीटवरही पुतळा बसवतात. नवीन ट्रकला त्या चाचणीत काय मिळालं ते वेगळं शोधा, कारण मागे तुमची मुलं बसणार आहेत.

पायरी ९: पहिल्या वर्षाचं इंजिन

नवीन पिढीच्या पहिल्या वर्षी घाई करू नये असं मला वाटतं, आणि याला कारणं आहेत. २०२२-२३ च्या टुंड्राच्या नव्या इंजिनात मशीनिंगचे कण राहिल्यामुळे २०२४ ला सुमारे १ लाख गाड्यांचा रिकॉल निघाला. पण जुनं म्हणजे सुरक्षित असंही नाही, जनरल मोटर्सच्या ६.२ लिटरच्या मुरलेल्या व्ही८ साठी २०२५ ला अमेरिकेत सुमारे ६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणून नाव बघून नाही, तर नोंदी बघून ठरवा. एनएचटीएसएच्या (अमेरिकन सरकारची रस्ता-सुरक्षा संस्था) साइटवर त्या मॉडेलचे रिकॉल, लोकांच्या तक्रारी आणि डीलरना पाठवलेली सर्व्हिस पत्रकं फुकट वाचता येतात, अर्धा तास लागतो. तक्रारींमध्ये एकच गोष्ट परत परत दिसली, उदाहरणार्थ ठराविक वेगाला कंप, तर टेस्ट ड्राइव्हला तीच शोधा.

पायरी १०: एक रात्र घरी, मग कागद

एवढं करून एक ट्रक उरला की तो दोन दिवस भाड्याने घ्या, त्याच कॅबचा आणि त्याच बेडचा, ट्रिम थोडा वेगळा असला तरी चालेल. ऑफिसला न्या, सामान आणा, रात्री पावसात पार्क करा, सकाळी घाईत मुलांना शाळेत सोडा. भाड्याचे पैसे वाया गेले असं वाटतं, पण ५०-६० हजार डॉलरच्या निर्णयापुढे ते किरकोळ आहेत.

सही करायच्या दिवशी, जो ट्रक तुम्हाला मिळणार आहे त्याच ट्रकचं दार परत उघडा. चौकशीच्या वेळी बघितलेला ट्रक आणि डिलिव्हरीचा ट्रक बऱ्याचदा वेगळे असतात, स्टिकरवरचा पेलोड आणि खिडकीवरच्या किमतीच्या कागदावरचा एक्सल रेशो तुमच्या वहीतल्या आकड्यांशी जुळवा. डीलरने मधल्या काळात जड स्टीलच्या पायऱ्या, बेड कव्हर, मोठे टायर असं काही लावलं असेल तर त्याचं वजन त्या स्टिकरमध्ये धरलेलं नसू शकतं, ते विचारून तुमच्या हिशोबात स्वतः वजा करा, आणि नको असेल तर काढूनच द्यायला सांगा, वजनही वाचेल आणि त्याचे लावलेले पैसेही.